‘रिबाइंड’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि मराठी ग्रंथांची पुनर्बांधणी

१

आपल्या बहुतेक ग्रंथालयांच्या दाखलनोंदवहीत शेऱ्याचा एक रकाना असतो. त्या रकान्यात ‘रिबाइंड’, ‘बाइंडिंग केले’ किंवा नुसते ‘बांधणी’ एवढाच शब्द लिहिलेला पुष्कळदा आढळतो. हा शब्द लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्या पुस्तकाची कथा तेथे संपलेली असते. पुस्तक फाटले होते, ते आता शिवले गेले आणि पुन्हा वाचकांच्या हाती देण्याजोगे झाले. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने प्रश्न येथूनच सुरू होतो. ‘रिबाइंड’ केले म्हणजे नेमके काय केले? जुनी शिवण उसवली की तशीच ठेवली? जुना पुठ्ठा परत चढवला की टाकून दिला? कडा छाटल्या काय? मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पाने कोठे गेली? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात नाही. हा शब्द कोठून आला, त्याचा मूळ अर्थ किती व्यापक वा संकुचित आहे आणि मराठी ग्रंथव्यवहारात त्याने कोणत्या जुन्या शब्दांची जागा घेतली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाला स्थानिक निमित्तही आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि पुढे तिच्या नियोजनातून नवीन पनवेल ही वसाहत उभी राहिली. येथील घरे नवी, परंतु त्यांतील कित्येक कुटुंबे कोकणातील व घाटावरील जुन्या घरांतून आलेली. तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या पोथ्या, वह्या आणि मासिकांचे बांधीव खंड मात्र घरांहून पुष्कळ जुने आहेत. कोकणपट्टीच्या दमट हवेत कागद, खळ आणि शिवण या तिन्हींचे आयुष्य घटते. कसर आणि वाळवी उरलेले काम करतात. अशा वेळी घरातील जाणती माणसे ते पुस्तक बाइंडरकडे नेतात. हेतू सर्वस्वी सद्हेतूच असतो. तथापि सद्हेतूने केलेल्या कृतीनेही पुरावा नष्ट होऊ शकतो.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘बाइंड’ हे इंग्रजीतील अतिशय जुने क्रियापद असून त्याचा मूळ अर्थ केवळ ‘बांधणे’ असा आहे. संस्कृतातील ‘बन्ध्’ या धातूशी त्याचे नाते आहे, हे तुलनात्मक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. त्याला ‘री’ हा उपसर्ग लागून ‘रिबाइंड’ बनते. या उपसर्गाला इंग्रजीत दोन भिन्न अर्थच्छटा आहेत. एक ‘परत’, म्हणजे पूर्वस्थितीकडे. दुसरी ‘पुन्हा’, म्हणजे नव्याने आणखी एकदा. ‘रिस्टोअर’ या शब्दात पहिली छटा प्रबळ आहे: वस्तू जशी होती तशी करणे. ‘रिबाइंड’ मध्ये मात्र दुसरी छटा आहे: जुनी बांधणी काढून टाकून नवी घालणे. हा भेद सूक्ष्म वाटला तरी त्यावरच सर्व काही अवलंबून आहे. ‘रिबाइंड’ हे क्रियापद पुस्तक पूर्ववत करण्याचे आश्वासन देत नाही. ते पुस्तक पुन्हा बांधले जाईल एवढेच सांगते.

इंग्रजी बांधणीकारांच्या परिभाषेत याच्या शेजारीच दुसरी क्रियापदे आहेत. केवळ कण्याचे कातडे वा कापड बदलणे म्हणजे ‘रिबॅक’ करणे. या क्रियेत पुठ्ठे आणि शिवण बहुधा जुनीच राहतात. सुटलेले पुस्तक त्याच्याच जुन्या आवरणात पुन्हा बसवणे म्हणजे ‘रिकेस’ करणे. फाटलेल्या पानाला ठिगळ लावणे म्हणजे ‘मेंड’ करणे. या सर्वांच्या मानाने ‘रिबाइंड’ ही सर्वांत मोठी शस्त्रक्रिया होय. ग्रंथविक्रेत्यांच्या यादीत हे भेद काटेकोरपणे पाळले जातात, कारण त्यांवर किंमत ठरते. येथे एक गंमतही नोंदवण्याजोगी आहे. या क्रियापदाचे भूतकालवाचक रूप ‘रिबाउंड’ असे होते, आणि चेंडू आपटून परत उसळतो त्या क्रियेचे नावही ‘रिबाउंड’ हेच आहे. उच्चार व वर्ण एक असले तरी हे दोन शब्द वेगळ्या कुळांतील आहेत. दुसरा फ्रेंचमार्गे आलेला असून बांधण्याशी त्याचा काही संबंध नाही. यादी चाळणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे.

३

आता आपल्याकडे वळू. मराठीत ‘बांधणे’ हे क्रियापद पुस्तकाच्या संदर्भात इंग्रजी अंमलापूर्वीपासून आहे. मात्र त्याचा अर्थ निराळा होता. आपली पोथी म्हणजे सुटी, आडवी पाने. वरखाली लाकडी फळ्या किंवा जाड पाठ्या आणि भोवती कापडाचे बासन. वाचावयास बसताना ‘पोथी सोडावयाची’ आणि वाचन संपल्यावर ‘पोथी बांधावयाची’. म्हणजे पोथीच्या बाबतीत बांधणे ही कारागिराची एकदाच घडणारी क्रिया नसून वाचकाची नित्याची क्रिया होती. एखादा विषय ‘बासनात गुंडाळून ठेवला’ असे आपण आजही म्हणतो, ते याच व्यवहाराचे अवशेष होत. दफ्तरखान्यातील कागदांचीही तीच रीत. पेशवे दफ्तरातील कागद ‘रुमालां’त बांधलेले असत आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले तेव्हा ते सुट्या कागदांच्या अशाच गठ्ठ्यांतून वेचले गेले.

या व्यवस्थेत ‘दुरुस्ती’ या कल्पनेलाही वेगळे रूप होते. लेखकू आपल्या प्रतीच्या अखेरीस जी प्रार्थना लिहीत, तीत तेल, पाणी आणि ‘शिथिलबंधन’ यांपासून ग्रंथाचे रक्षण करावे अशी विनंती असे. शिथिल बंधनावर उपाय म्हणजे गाठ पुन्हा घट्ट करणे. सुईदोऱ्याचा तेथे संबंध नाही. आणि पाने खरोखरच जीर्ण झाली तर? तेव्हा पोथीची नक्कल करीत, आणि जुनी पोथी कित्येकदा नदीत विसर्जित करीत. टिकवावयाची वस्तू म्हणजे पाठ, कागद नव्हे, अशी ही धारणा होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या पाठाचे शोधन केले, ही या अर्थाने आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध ‘ग्रंथदुरुस्ती’ होय. तीत दुरुस्त झाला तो पाठ. ज्या प्रतींवरून हे काम झाले त्या प्रतींचे जतन करण्याची कल्पना त्या काळाला अपेक्षितच नव्हती.

याचा अर्थ मराठीत शिवलेले पुस्तक नव्हतेच असा मात्र कोणी करू नये. ‘बाड’ आणि ‘वही’ हे शब्द त्याची साक्ष देतात. संप्रदायातील अभंग, आरत्या, पदे, प्रकरणे ज्यांत उतरून घेतली जात ती बाडे शिवलेली असत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यास रामदासी वाङ्मयाचा जो संग्रह उभा केला त्यात अशा बाडांना फार महत्त्व आहे. व्यापाऱ्याच्या चोपड्याही शिवलेल्याच. शिवाय ‘जिल्द’ आणि ‘जुजबंदी’ हे दोन शब्द अरबी-फारसीतून आले. जिल्द म्हणजे मूळ अर्थाने कातडी, आणि जुज म्हणजे भाग. एकेक जुज शिवून पुस्तक बांधावयाचे ती जुजबंदी. हा शब्द बांधणीच्या धंद्यात अद्याप लोपलेला नाही. तात्पर्य, मराठीत ग्रंथाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या: सुट्या पानांची आणि शिवलेल्या पानांची. पहिलीत ‘बांधणे’ म्हणजे गुंडाळून गाठ मारणे. दुसरीत शिवणे व पुठ्ठा घालणे. या दोन अर्थांची सरमिसळ मुद्रणयुगात झाली.

४

मुद्रण आले तरी पोथी लगेच पुस्तक झाली नाही. १८०५ साली मिरजेस भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले. कॅरींचे पुस्तक युरोपीय पद्धतीचे, तर गीतेचा वाचक पोथीच्या सवयीचा. पुढे गणपत कृष्णाजी यांचा शिळाछाप आणि १८६९ साली जावजी दादाजी यांनी सुरू केलेला निर्णयसागर छापखाना यांच्या काळात दोन्ही आकार चालू राहिले. ‘गुरुचरित्र’ किंवा ‘शिवलीलामृत’ यांच्या सुट्या पानांच्या छापील पोथ्या आजही बाजारात मिळतात, हे सर्वांस ठाऊक आहे.

कायद्याने मात्र पुस्तक म्हटले की युरोपीय पुस्तकच गृहीत धरले. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी अधिनियमाने मुद्रकावर प्रत सरकारात देण्याचे बंधन घातले. ती प्रत कशी असावी हे सांगताना तेथे तीन क्रियापदे योजली आहेत: ती बांधलेली, शिवलेली किंवा टाचलेली असावी. २०२४ मध्ये या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. तथापि १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमात राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावयाच्या प्रतीसंबंधी हीच तीन क्रियापदे आली आहेत. पोथीला यांपैकी एकही क्रियापद लागू पडत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याहून लक्षणीय अशी दुसरी गोष्ट ही की, प्रत दाखल झाल्यानंतर ती पुन्हा बांधावयाची झाल्यास काय राखावे आणि काय टाकावे, याविषयी त्या कलमांत शब्दही नाही. ‘बाइंड’ हा कायद्याचा विषय झाला; ‘रिबाइंड’ हा बाइंडरच्या मर्जीचा विषय राहिला.

५

बाइंडर काय करतो ते पाहिले म्हणजे या मर्जीचे मोल कळते. पुस्तक हाती येताच तो प्रथम जुना पुठ्ठा व अस्तर काढून टाकतो. शिवण कुजलेली असल्यास फर्मे सुटे करतो. घडीजवळ कागद फाटला असेल तर घडी शिवणे शक्य होत नाही. मग दाभणाने पानांच्या कडेतून आरपार भोके पाडून शिवण घालतो. त्यानंतर पुस्तक शिकंज्यात आवळून तिन्ही बाजू छाटतो, खळ लावतो आणि कापडी कण्याचा नवा पुठ्ठा चढवतो. पुस्तक मजबूत होते यात शंका नाही. परंतु आरपार शिवणीने आतला समास खाल्ला जातो, छाटणीने बाहेरचा. समासातील टिपणाचे अक्षर अर्धे कापले जाते. अशी बांधणी दोनदा झाली की ओळीची अखेरची अक्षरेच कण्यात बुडतात. लाकडाच्या लगद्याचा कागद असेल, त्यात तुरटी व राळ यांची खळ असेल, तर तो आम्लतेने आधीच ठिसूळ झालेला असतो; आरपार शिवणीच्या रेषेवरच तो पान उलटताना तुटतो. म्हणजे मजबुतीसाठी घातलेली शिवणच पान तोडण्यास कारण होते.

मासिकांच्या बाबतीत हानी अधिक आहे, कारण तेथे बांधणी हीच नेहमीची रीत आहे. ‘निबंधमाला’ (१८७४), ‘काव्येतिहाससंग्रह’ (१८७८) किंवा ‘मनोरंजन’ (१८९५) यांसारख्या नियतकालिकांचे सुटे अंक वर्षअखेरीस एकत्र बांधले जात. अंकाचे वेष्टन हे तात्पुरते आवरण, म्हणून बांधताना ते काढून टाकण्याची पद्धत पडली. आता त्या वेष्टनावर काय असे? वर्गणीचे दर, पोचपावत्या, अंक उशिरा निघाल्याची सूचना, छापखाना बदलल्याची नोंद, औषधांच्या व पुस्तकांच्या जाहिराती. मराठी वाचकवर्ग कोण होता, तो कोठे राहत होता आणि काय विकत घेत होता, हे सांगणारा पुरावा मजकुराच्या पानांपेक्षा त्या वेष्टनावर अधिक होता. ‘काव्येतिहाससंग्रहा’सारख्या मासिकात बखरी, पत्रे आणि काव्ये तुकड्यातुकड्यांनी प्रसिद्ध होत. वाचकाने एखाद्या बखरीचे तुकडे वेगळे काढून सलग बांधून घेतले, तर बखर पूर्ण मिळते. पण कोणता तुकडा कोणत्या महिन्यात वाचकांपुढे आला, हे वेष्टनाच्या अभावी कळेनासे होते.

प्रस्तुत लेखकास याचा प्रत्यक्ष अनुभव आला आहे. एका एकोणिसाव्या शतकातील मासिकाचा विशिष्ट अंक नेमका केव्हा बाहेर पडला हे ठरवावयाचे होते. अंकावरचा महिना आणि प्रत्यक्ष प्रसिद्धीचा महिना यांत अंतर असावे असा संशय होता. ग्रंथालयातील खंड उत्तम बांधलेला होता, कण्यावर सोनेरी अक्षरे होती. परंतु बाराही वेष्टने काढून टाकलेली होती. त्या ग्रंथालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण त्याने जे केले ते त्या काळी सर्वत्र उत्तम ग्रंथसेवा म्हणूनच गणले जात होते. योगायोगाने त्याच मासिकाचे काही अंक एका घरी न बांधता राहिले होते. पाने पिवळी, कडा कसरीने खाल्लेल्या. पण वेष्टन शाबूत. हवी ती सूचना त्या वेष्टनाच्या आतील बाजूस मिळाली. दुर्लक्षिलेली प्रत बोलली आणि सांभाळलेली प्रत मुकी राहिली, असा हा विपरीत प्रकार होय.

६

ही अडचण केवळ आपलीच नाही. आयर्लंडमधील ‘बुक ऑफ केल्स’ या जगप्रसिद्ध हस्तलिखिताच्या कडा एकोणिसाव्या शतकातील एका बांधणीकाराने छाटल्या आणि चित्रांचा काही भाग कायमचा गेला. १९५३ साली रॉजर पॉवेल यांनी त्याची चार खंडांत पुनर्बांधणी केली. ब्रिटिश म्यूझियमने घेतलेल्या ‘कोडेक्स सिनायटिकस’ या बायबलच्या प्राचीन प्रतीची पुनर्बांधणी डग्लस कॉकरेल यांनी १९३५ मध्ये केली, आणि १९३८ मध्ये त्या प्रतीवर जो अभ्यासग्रंथ निघाला त्यात बांधणीसंबंधी त्यांचे निवेदनही समाविष्ट झाले. येथे ‘रिबाइंड’ हीच क्रिया झाली; पण तिच्याबरोबर नोंद झाली. पुढे ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुरात फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ चिखलात बुडाले. त्या वेळी मदतीस गेलेले क्रिस्टोफर क्लार्कसन यांच्या असे ध्यानात आले की, जुन्या लवचीक चर्मपत्री बांधणीच्या पुस्तकांनी पाण्याला इतरांपेक्षा चांगले तोंड दिले. जुनी बांधणी ही कालबाह्य वस्तू नसून ज्ञानाचे साधन आहे, हा धडा त्या आपत्तीने दिला, आणि ‘रिबाइंड’च्या जागी ‘कॉन्झर्व्ह’ हे क्रियापद अधिक प्रतिष्ठित झाले. त्याचा अर्थ: शक्य तितके कमी करणे, जे करावयाचे ते परत काढता येईल असे करणे, आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणे.

२६ जुलै २००५ चा महापूर मुंबईने व रायगड जिल्ह्याने पाहिला आहे. आपल्या प्रदेशात ग्रंथ भिजण्याचा प्रसंग हा पुस्तकी प्रश्न नव्हे.

७

मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द देवळाच्या संदर्भात रूढ आहे, आणि पुष्कळ जीर्णोद्धारांत जुने शिल्प जाऊन त्या जागी नवे बांधकाम आलेले आपण पाहतो. ‘पुनर्बांधणी’ या शब्दाचेही तेच झाले आहे. ‘पुनर्’ या उपसर्गातील ‘परत’ हा अर्थ ऐकू येतो आणि ‘नव्याने’ हा अर्थ कृतीत येतो. त्यातही ‘बांधणे’ हे क्रियापद आपल्या कानाला पोथीच्या बासनामुळे निरुपद्रवी वाटते. बासन कितीही वेळा सोडले-बांधले तरी पोथीला काही होत नाही. शिवलेल्या पुस्तकाचे तसे नाही. ते एकदा सोडले की पूर्वीसारखे पुन्हा बांधता येत नाही. भाषेतील हे साम्य फसवे आहे, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य.

बाडांच्या बाबतीत तर ते अधिकच फसवे आहे. बाडातील रचनांचा क्रम हा संग्राहकाचा क्रम असतो. कोणते पद कोणत्या आरतीच्या शेजारी लिहिले गेले यावरून तो कोणत्या परंपरेतील, कोणत्या उत्सवासाठी लिहीत होता याचा अंदाज बांधता येतो. शिवण उसवून पाने ‘नीट लावून’ पुन्हा शिवली, तर मजकूर सर्व राहतो, पण तो क्रम जातो. आणि त्याबरोबर त्या बाडाचे इतिहासमूल्यही.

यास्तव विभागातील विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथाचा आधार देताना ती प्रत मूळ बांधणीतील आहे की पुन्हा बांधलेली, हे टिपेत नमूद करावे. विशेषतः १८६७ पूर्वीच्या मुद्रितांच्या, म्हणजे ज्यांना आपण दोलामुद्रिते म्हणतो त्यांच्या बाबतीत, ही नोंद अपरिहार्य समजावी. दुसरी, प्रबंधासाठी पाहिलेल्या प्रतीत वेष्टन, आश्रयदात्यांची यादी, समासटिपा किंवा मालकाचे नाव आढळल्यास त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. पुढच्या बांधणीपर्यंत ते टिकेलच असे नाही. तिसरी सूचना घरातील पुस्तकांसंबंधी आहे. बाइंडरकडे पुस्तक देण्यापूर्वी पानांचा क्रम नोंदवावा, कडा छाटू नयेत असे त्यास स्पष्ट सांगावे, आणि काढलेला पुठ्ठा, वेष्टन व अस्तर एका लिफाफ्यात घालून त्याच पुस्तकाबरोबर ठेवावीत. पोथी असेल तर ती शिवूच नये. स्वच्छ सुती कापडाचे बासन तिला पुरेसे आहे.

दाखलनोंदवहीतील तो शेऱ्याचा रकाना लहान आहे. तरी त्यात ‘रिबाइंड’ या एका शब्दाऐवजी ‘कणा बदलला’, ‘शिवण जुनीच’, ‘वेष्टने मागे जोडली’, ‘कडा छाटल्या नाहीत’ अशी चार-चार शब्दांची मराठी नोंद सहज मावते. पन्नास वर्षांनी तो खंड उघडणाऱ्या अभ्यासकाला पुस्तकातील काय मूळचे आणि काय नंतरचे, हे त्या चार शब्दांवरून ठरवता येईल.